‘डिसगाइज’ला मराठीत एकच शब्द का चालत नाही

माझी एक जुनी विद्यार्थिनी जळगावात एका दैनिकाच्या डेस्कवर इंग्रजी बातम्यांचं मराठी करते. तिनं परवा इंग्रजीतल्या तीन जागा लिहून पाठवल्या. पहिली एका बातमीतली: ‘टू मेन डिसगाइज्ड अ‍ॅज मेंडिकंट्स वेअर हँडेड ओव्हर टू द पोलीस बाय व्हिलेजर्स.’ (मेंडिकंट म्हणजे भिक्षेकरी.) दुसरी अर्थपानावरची: ‘डिसगाइज्ड अनएम्प्लॉयमेंट’. तिसरी एका शेतकऱ्याच्या मुलाखतीतली: ‘ब्लेसिंग इन डिसगाइज’. खाली तिचा प्रश्न: “सर, शब्दकोशात ‘वेषांतर’ आहे. पहिल्या वाक्यात ते बरोबर बसतं. पण पुढच्या दोन्हींत वेष कुठे आहे? एकदाचा एक मराठी शब्द ठरवून द्या, म्हणजे रोजची कटकट मिटेल.”

बेटा, एक शब्द ठरवून देता येणार नाही. आणि जिथे तुला ‘बरोबर बसतं’ असं वाटतंय, त्या पहिल्या वाक्यातच खरा धोका आहे. त्याकडे शेवटी येतो, कारण आधी हा शब्द नीट उलगडायला हवा. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, निम्मा वेळ कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करण्यात गेलाय, आणि या एका शब्दानं भल्याभल्यांना चकवलेलं पाहिलंय.

उच्चाराचं पटकन उरकू. स्पेलिंग डी-आय-एस-जी-यू-आय-एस-ई. त्यातला यू उच्चारायचा नाही, ‘गाइड’ आणि ‘गेस्ट’मध्ये नसतो तसाच. ‘डिस्ग्वाइज’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, ते चूक. जोर ‘गाइज’वर, आणि शेवटचा आवाज आपल्या ‘जरा’मधल्या ‘ज’सारखा. आवाज झेडचा आहे म्हणून अक्षरही झेड लिहायचा मोह होतो. पण ‘सरप्राइज’ आणि ‘अ‍ॅडव्हाइज’प्रमाणे इथेही एसच.

आता शब्दाचं मूळ. ‘गाइज’ म्हणजे रीत, ढब, एखाद्याचं नेहमीचं दिसणं-वागणं. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘लाइकवाइज’ आणि ‘अदरवाइज’च्या शेवटी जो ‘वाइज’ आहे, म्हणजे ‘अशा रीतीनं’, तो याचाच भाऊबंद. ‘डिस’ लागला की नेहमीची ढब मोडणं. म्हणजे मुळात या शब्दात कपडा नाही, चेहरा नाही, आहे ती फक्त ओळखीची ढब आणि तिच्यापासून दूर जाणं. सतराव्या शतकाच्या इंग्रजीत तर दारू प्यालेल्या माणसालाही ‘डिसगाइज्ड’ म्हणत, कारण तो नेहमीसारखा राहिलेला नसतो. हे मूळ लक्षात ठेवलंस तर आवाज, अक्षर, चव, निराशा, बेकारी या सगळ्यांना हा शब्द कसा लागतो ते आपोआप कळेल.

माणसाच्या बाबतीत हा शब्द वापरायचा तर तीन गोष्टी लागतात. आत एक खरी ओळख असते, वर दुसरी दिसते, आणि कुणीतरी असतो ज्यानं ही खरी ओळख पटवू नये अशी त्या माणसाची इच्छा असते. ही तिसरी गोष्ट नसेल तर तो नुसता पोशाख झाला.

आपल्याकडचंच उदाहरण घे. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी असं आपल्या भागात मानतात, पद्मालयाला गेलं की भीम-बकासुराची गोष्ट ऐकायला मिळतेच. लाक्षागृहातून निसटलेले पांडव त्या नगरीत ब्राह्मणांच्या वेषात भिक्षा मागून राहिले. पुढे विराटाच्या घरी भीम बल्लव नावानं स्वयंपाकी झाला, अर्जुन बृहन्नडा झाला, द्रौपदी सैरंध्री. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास, अशी अट होती. इथे तिन्ही गोष्टी ठळक आहेत, म्हणून ‘दे लिव्ह्ड इन डिसगाइज’ अगदी चपखल. मराठीत वेषांतर म्हण, छद्मवेष म्हण, सोंग म्हण, सगळं चालेल.

आता याच्या उलट टोकाला ये. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी तू पाहिली नसशील तर एकदा जाऊन ये. नवस बोललेले पुरुष अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतात, डोक्याला मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू. रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. त्यांचा रोजचा चेहरा त्या रंगाखाली जवळजवळ दिसत नाही. तरी त्यांना ‘डिसगाइज्ड’ म्हणणं साफ चूक. कोण कुणाचा मुलगा, कुणाचा नवस, हे सगळ्या गावाला माहीत असतं. लपवायचं काहीच नाही, उलट देवाला आणि गावाला दाखवायचं आहे. एका इंग्रजी मजकुरात मी हा शब्द त्यांच्यासाठी वापरलेला पाहिला आणि मला फार वाईट वाटलं. तिथे ‘अटायर’, ‘अडॉर्न्ड’ असे शब्द हवेत. मराठीत नुसतं ‘साज’ म्हटलं तरी पुरतं.

या दोन टोकांच्या मधोमध उभा असतो आपला बहुरूपी. मी लहान असताना अमळनेरला आमच्या गल्लीत दरवर्षी एक जण यायचा. एका वर्षी तो खाकी कपडे, हातात दांडकं, काखेत जाडजूड वही घेऊन थेट ओट्यावर चढला आणि आजीच्या नावाचं वॉरंट वाचायला लागला. आम्ही पोरं घाबरून दाराआड. आजी मात्र गहू निवडता निवडता त्याच्या पायांकडे बघत होती. पायात झिजलेल्या टायरच्या चपला. ती म्हणाली, “वयखं रे भो तुले. मागला साले हनमान बनीसन उनथा ना तू?” म्हणजे, ओळखलं रे तुला, मागच्या वर्षी हनुमान बनून आला होतास ना? तो इतका खूश झाला! वही मिटली, हात जोडले आणि मग दोघांची कुठल्या गावाहून आला, यंदा पाऊस कसा, अशी बोलणी सुरू झाली. आजीनं त्याला पायलीभर ज्वारी घातली.

आजीनं जे केलं त्याला इंग्रजीत ‘सी थ्रू अ डिसगाइज’ म्हणतात. मराठीत ‘सोंग ओळखणं’. पण बहुरूप्याची गंमत अशी की त्याला शेवटी ओळखलं जायलाच हवं असतं. ओळखलं नाही तर दाद कशाची आणि ज्वारी कशाची? म्हणून पहिल्या दोन मिनिटांपुरतं ‘डिसगाइज’ खरं, त्यानंतर ती कला. मराठीत ‘सोंग’ हा शब्द ही दोन्ही माणसं पोटात घेतो, फसवणारा आणि रमवणारा. इंग्रजी शब्दात ती ऐसपैस जागा नाही, त्याचा कल फसवण्याकडेच झुकलेला आहे. भाषांतर करताना हा झुकाव विसरला की गडबड होते.

आता शेजारचे शब्द. इथेच कोर्टाच्या कागदांत सर्वांत जास्त घोळ होतो.

‘डिसगाइज’ म्हणजे स्वतःपासून दूर जाणं. ‘इम्पर्सोनेट’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी जागी जाऊन बसणं. फरक बारीक वाटतो, पण कायद्यात तो मोठा आहे. परीक्षेला दुसऱ्याच्या नावानं बसणारा डमी उमेदवार चेहरा बदलत नाही, केस रंगवत नाही. तो फक्त ‘मी अमुक’ असं सांगतो. हे ‘इम्पर्सोनेशन’, कायद्याच्या मराठीत तोतयेगिरी. तोतयेगिरी करून फसवणुकीला पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 419 लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 319 आहे. हल्ली व्हिडिओ कॉलवर खाकी घालून ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ म्हणणारे चोर असतात, त्यांनाही ‘इम्पर्सोनेट’ किंवा ‘पोज अ‍ॅज’ हेच शब्द. ‘तोतया’ म्हटलं की आपल्याला पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. 1761 साली सदाशिवरावभाऊ गेले आणि ‘तो मीच’ म्हणत एक जण पुढे आला. शेवटी 1776 साली त्याला मृत्युदंड झाला. तो लपत नव्हता. जितके लोक बघतील तितकं त्याला हवंच होतं. वेषांतर करणारा माणूस नजर टाळतो, तोतया नजर मागतो.

हाच फरक हस्ताक्षराच्या बाबतीत फार छान दिसतो. हस्ताक्षरतज्ज्ञांच्या अहवालात ‘डिसगाइज्ड हँडरायटिंग’ आणि ‘फोर्जरी’ असे दोन वेगळे शब्द येतात. आपलं अक्षर आपलं वाटू नये म्हणून बदललं तर पहिलं, दुसऱ्याचं अक्षर किंवा सही हुबेहूब काढली तर दुसरं. माझ्या हाताखालून एका निनावी अर्जाचं प्रकरण गेलं होतं. लिहिणाऱ्यानं सगळी अक्षरं मुद्दाम डावीकडे कलती काढली होती. पहिल्या चार-पाच ओळी त्यानं ते सांभाळलं. मग राग वाढत गेला असावा. मजकूर जसा तापला तशी अक्षरं हळूहळू सरळ होत गेली, आणि शेवटच्या ओळीत त्याच्या नेहमीच्या ‘ळ’ची लांब शेपटी परत आली. अहवालाच्या मराठीत कुणीतरी ‘बनावट हस्ताक्षर’ लिहून ठेवलं होतं. बनावट म्हटलं की दुसऱ्याची नक्कल असा अर्थ होतो. मी ‘ओळख लपवण्यासाठी बदललेलं स्वतःचं हस्ताक्षर’ असं लांबलचक लिहिलं. लांब झालं तरी चालेल, पण आरोप बदलता कामा नये.

‘इन्कॉग्निटो’ हा आणखी एक शेजारी. मूळ अर्थ ‘न ओळखलेला’. यात रूप बदलायची गरजच नाही, नुसतं नाव आणि लवाजमा बाजूला ठेवला की झालं. रशियाचा झार पीटर 1697 साली प्योत्र मिखायलोव या नावानं युरोपात हिंडला. सहा फुटांहून कितीतरी उंच माणूस, बहुतेकांनी ओळखलंच. पण मानपान नकोत एवढाच मुद्दा होता, तो साधला. ब्राउजरमधल्या ‘इन्कॉग्निटो’वर टोपी-चष्म्याचं चित्र असल्यामुळे लोकांना तो पक्का बुरखा वाटतो. तसं नाही. तुझ्याच फोनवर तुझा इतिहास साठत नाही एवढंच, समोरच्या संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला तू दिसतेसच. ‘कॅमफ्लाज’ फ्रेंचमधून पहिल्या महायुद्धात इंग्रजीत आला, म्हणजे पार्श्वभूमीत मिसळून जाणं. यावल-रावेरच्या केळीच्या बागेत उन्हा-सावलीत बसलेला बिबट्या दुसरं कुणी असल्याचं भासवत नाही. तो ‘इथे कुणीच नाही’ असं भासवतो.

वस्तूलाही वेष चढवता येतो, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या खानदेशातलंच आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज सनदी अधिकाऱ्यानं 1880 च्या दशकात शहादा-तळोद्याकडे या पक्ष्याचे नमुने गोळा केले आणि ते लंडनच्या संग्रहालयात गेले. 1884 नंतर हा पक्षी कुणाला खात्रीनं दिसलाच नाही. फक्त एक अपवाद होता: रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या पक्षिसंग्राहकाकडचा नमुना, चिठ्ठी म्हणत होती गुजरातेतलं मांडवी, 1914. पुढे पामेला रासमुसेन यांनी तपास केला तेव्हा उघड झालं की तो डेव्हिडसनचाच नमुना होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा नव्यानं भरलेला आणि खोटी चिठ्ठी बांधलेला. ‘द स्टोलन स्पेसिमेन हॅड बीन डिसगाइज्ड.’ इथे वेषांतर लिहिता येत नाही. ‘चोरीचा नमुना ओळखू येऊ नये म्हणून त्याचं रूप बदललं होतं’ असंच लिहावं लागतं. पण प्रत्येक संग्राहकाची पक्षी भरण्याची एक ढब असते, आणि डेव्हिडसनची ढब त्या कातड्यात उरली होती. बघ, पुन्हा तोच ‘गाइज’. ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली तेव्हा शोधाची जागाही बदलली. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन आणि त्यांचे सहकारी शहाद्याजवळ पोचले आणि 113 वर्षांनी रानपिंगळा पुन्हा जिवंत दिसला. एका चिठ्ठीनं घातलेल्या वेषामुळे आपल्या सातपुड्यातला पक्षी जगाला नाहीसा वाटत होता. मला ही गोष्ट वर्गात सांगताना अजून भरून येतं.

आता तुझी दुसरी जागा. ‘डिसगाइज्ड अनएम्प्लॉयमेंट’ हा शब्दप्रयोग जोन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञ बाईंनी 1936 साली रूढ केला. मंदीत नोकरी गेलेली माणसं पोटासाठी मिळेल ते हलकं काम करतात, ती बेकारांत मोजली जात नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. नंतर तो आपल्यासारख्या देशांतल्या शेतीला लावला गेला. चार एकर कपाशी आणि पाच भाऊ. पाचही जण सकाळी वावरात जातात, पाचही जण राबताना दिसतात. पण दोघं सुरतला गेले तरी कापूस तेवढाच निघतो. ते दोघं बेकारच होते, फक्त बेकारीच्या अंगावर कामाचे कपडे होते. इथे कुणी कुणाला फसवत नाही, त्या भावांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. म्हणून मघाची तिसरी अट माणसापुरती. परिस्थितीला हेतू नसतो, तिचं नुसतं दिसणं आणि असणं वेगळं असतं. मराठीत ‘प्रच्छन्न बेरोजगारी’ किंवा ‘छुपी बेकारी’ रूढ आहे. परीक्षेच्या पुस्तकात पहिलं ठीक, वर्तमानपत्रात दुसरंच लिही, लोकांना लगेच कळतं.

तिसरी जागा, ‘ब्लेसिंग इन डिसगाइज’. हिला तर आपल्याकडे तयार शब्द आहे: इष्टापत्ती. न्यायशास्त्राच्या, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या, वादविवादातून आलेला. प्रतिपक्षानं ‘मग तुमच्यावर ही आपत्ती येईल’ म्हणावं आणि आपण म्हणावं, ‘ती तर आम्हाला इष्टच आहे!’ तुझ्या मुलाखतीतल्या शेतकऱ्याची विहीर आटली, नाइलाजानं त्यानं ठिबक बसवलं आणि केळीचा घड पूर्वीपेक्षा भरला. विहीर आटणं ही इष्टापत्ती. दोन पथ्यं मात्र पाळ. मुळात वाईट दिसलेली गोष्ट हवी, लॉटरी लागली तर ती इष्टापत्ती होत नाही. आणि हे मागे वळून पाहिल्यावरच म्हणायचं, तेही ज्याच्यावर बेतलं त्यानं. दुसऱ्याच्या संकटात उभं राहून ‘यातूनच तुमचं भलं होईल’ म्हणणं मला निर्दय वाटतं, इंग्रजीत काय नि मराठीत काय.

बोलण्यातले बाकीचे प्रयोग सोपे आहेत. ‘शी कुडन्ट डिसगाइज हर डिसअपॉइंटमेंट’ म्हणजे तिला नाराजी लपवता आली नाही. ‘देअर इज नो डिसगाइजिंग द फॅक्ट’ म्हणजे नाकारण्यात अर्थ नाही. गुळाच्या खड्यात गोळी घालून पोराला दिली तर तू तिची चव ‘डिसगाइज’ केलीस, मराठीत कडूपणा मारला. ‘अंडर द गाइज ऑफ’ला आपलं ‘च्या नावाखाली’ किंवा ‘च्या आडून’. व्याकरणात एवढंच सांभाळ: ‘डिसगाइज्ड अ‍ॅज’ म्हणायचं, ‘लाइक’ नाही. ‘इन डिसगाइज’ला बहुधा ‘अ’ लागत नाही, पण ‘वोअर अ डिसगाइज’ला लागतो.

आता तुझं पहिलं वाक्य, भिक्षेकऱ्यांचं.

1 जुलै 2018, रविवार, आपल्या धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाइलवर फिरत होत्या. बाजारात आलेल्या पाच जणांवर संशय घेऊन जमावानं त्यांना मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्यांच्या वेषाखाली दुसरं कुणी नव्हतं. जे वर दिसत होतं, तेच आत होतं. लोकांनी मात्र त्यांना ‘डिसगाइज्ड’ ठरवलं, आणि एकदा तसं ठरवल्यावर ते जे सांगतील ते सोंगाचाच भाग वाटणार.

त्याच वर्षी माझ्या वर्गात मी एक मराठी बातमी इंग्रजीत करायला दिली होती. बातमीत होतं, ‘भिक्षेकऱ्याच्या वेषातील इसम’. चाळीस मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी ‘अ मॅन डिसगाइज्ड अ‍ॅज अ बेगर’ लिहिलं. मी फळ्यावर ‘डिसगाइज्ड’ खोडून ‘ड्रेस्ड’ लिहिलं. मागून एका मुलानं विचारलं, “सर, दोन्ही एकच नाही का?” तो साक्रीचा होता. मी त्याला विचारलं, तो माणूस खरोखर भिक्षेकरी निघाला तर? तो बराच वेळ उभा राहिला आणि मग स्वतःच्या वहीतला शब्द त्यानं खोडला. ‘ड्रेस्ड अ‍ॅज’ डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगतो. ‘डिसगाइज्ड अ‍ॅज’ म्हणजे ‘हा भिक्षेकरी नाही आणि फसवायला आलाय’ असा निकाल. आपलं मराठी ‘च्या वेषातील’ या दोन्हींच्या मधे लोंबकळतं, वाचणारा संशयाच्या बाजूनं घेतो.

तेव्हा आज रात्री पान सोडण्याआधी असं कर. त्या पोलीस ठाण्यात फोन लाव आणि विचार की त्या दोघांची ओळख पटली का. ते खरोखर दुसरेच कुणी निघाले असतील, तर ‘भिक्षेकऱ्यांचं सोंग घेतलेले दोघे’ लिही, बेधडक. चौकशी चालू असेल तर ‘गावकऱ्यांनी संशयावरून दोघांना पोलिसांच्या ताब्यात दिलं, त्यांची ओळख पटवण्याचं काम सुरू आहे’ एवढंच. आणि ते भिक्षेकरीच निघाले असतील तर इंग्रजी बातमी काहीही म्हणो, ‘दोन भिक्षेकरी’ असं लिही, आणि मथळ्यातूनही वेष काढून टाक.